कारखाना गेला, यंत्र राहिले

व्यापारी घरांत जुन्या वस्तूकडे पाहण्याच्या दोन दृष्टी परंपरेने नांदत आल्या आहेत. हिशेबवहीच्या दृष्टीने ज्या वस्तूचा घसारा पूर्ण झाला तिची किंमत शून्य. गोदाम सांभाळणाऱ्याच्या दृष्टीने मात्र जी वस्तू अजून काम देते ती शून्य कधीच नसते. या दोन दृष्टींतील अंतर ज्या वस्तूत ठळकपणे दिसते अशी एक वस्तू म्हणजे अमेरिकेतील पिळणीचे कपडे धुण्याचे यंत्र. तिकडे त्याला ‘रिंगर वॉशर’ म्हणतात. ज्या कंपनीने ही यंत्रे सर्वाधिक प्रसिद्ध केली तिचा मूळ कारखाना बंद झाला, कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. तरीही तेथील अनेक घरांत ही यंत्रे आजही धुणे धुतात आणि अनेक हौशी मंडळी ती शोधून, दुरुस्त करून जपून ठेवतात. ही हौस वरवर विचित्र वाटली, तरी तिच्यामागे पाण्याचा, श्रमाचा आणि मालाच्या टिकाऊपणाचा जो हिशेब आहे तो आपल्यासारख्या वाचकांनी समजून घेण्याजोगा आहे.

चरकासारखी पिळणी

हे यंत्र ज्यांनी पाहिले नाही त्यांनी रसवंतीगृहातील चरक डोळ्यांसमोर आणावा. दोन लाटांमधून ऊस सरकतो, रस खाली गळतो आणि चोथा पलीकडे पडतो. पिळणीच्या यंत्रातही एकावर एक बसवलेल्या दोन रबरी लाटा असतात. ओला कपडा एका बाजूने त्यांत सारला की दाबाने पाणी निथळून टबात परत पडते आणि चपटा झालेला, जवळजवळ निम्मा सुकलेला कपडा दुसऱ्या बाजूने बाहेर येतो. हाताने फिरवायच्या पिळण्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच अमेरिकेतील घरांत रूढ झाल्या होत्या. विसाव्या शतकात त्या धुण्याच्या टबावरच बसवल्या गेल्या आणि त्यांना यंत्राची गती मिळाली.

टबाच्या तळाशी मधोमध पंखांचा एक दांडा असतो. तो अखंड एकाच दिशेने फिरत नाही, तर अर्धवट वळसा घेऊन मागे-पुढे हेलकावतो. त्यामुळे साबणाचे पाणी कपड्यांमधून जोराने खेळते आणि कपड्यांना पीळ बसत नाही. टबाखाली तेलाने भरलेली दंतचक्रांची पेटी आणि मोटार असते. पिळणीचा खांब टबाच्या कडेला उभा असून पिळणी हव्या त्या दिशेला फिरवून पक्की करता येते. एवढाच हा सारा कारभार. यात घड्याळ नाही, पाणी आपोआप भरणारी झडप नाही, कार्यक्रम ठरवणारी बटणे नाहीत. पाणी कधी भरायचे, कपडे किती वेळ फिरवायचे आणि केव्हा काढायचे, हे सर्व यंत्रापुढे उभा राहणाराच ठरवतो.

न्यूटन गावचा उद्योग

अमेरिकेच्या आयोवा राज्यात, डे मॉईन या राजधानीच्या पूर्वेस न्यूटन नावाचे छोटे गाव आहे. येथे फ्रेडरिक लुई मेटॅग यांनी १८९३ मध्ये काही भागीदारांसह शेतीची अवजारे बनवण्याचा धंदा सुरू केला. मळणीयंत्रात पेंढ्या आपोआप सारणारे उपकरण हा त्यांचा मुख्य माल होता. शेतीच्या अवजारांच्या धंद्याची अडचण कोणत्याही हंगामी व्यापाऱ्याला ठाऊक असते. हंगामात मागणी पुरवता येत नाही आणि हंगाम सरला की कारागीर रिकामे बसतात. हा रिकामा काळ भरून काढण्यासाठी मेटॅग यांनी १९०७ मध्ये लाकडी टबाचे, हाताने चालवायचे कपडे धुण्याचे यंत्र बाजारात आणले. १९०९ मध्ये ते कंपनीचे एकमेव मालक झाले आणि कंपनीला त्यांचे नाव मिळाले. हंगामाबाहेरचा जोडधंदा पुढे मूळ धंद्याला गिळून बसला. १९२० च्या दशकात कंपनीने शेतीची अवजारे सोडून दिली आणि कपडे धुण्याचे यंत्र हाच एकमेव व्यवसाय ठेवला.

या यशामागे हॉवर्ड स्नायडर या कल्पक यंत्रज्ञाचा मोठा वाटा होता. त्या काळी अमेरिकेतील बहुतेक खेड्यांत वीज नव्हती. १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तेथील दर दहा शेतघरांपैकी जेमतेम एकात वीज पोहोचली होती. वीज नसलेल्या घरात विजेचे यंत्र विकणार कसे? स्नायडर यांनी टबाखाली बसणारे छोटे पेट्रोल इंजिन तयार केले. पायाने खटका मारून ते सुरू करायचे आणि धुराची लवचीक नळी खिडकीतून बाहेर सोडायची. हे इंजिन इतके सुटसुटीत होते की शेतकऱ्यांची मुले जुन्या यंत्रातून ते काढून आपल्या खेळगाड्यांना जोडत असत. ग्राहकापर्यंत वीज येण्याची वाट न पाहता त्याच्याजवळ जे आहे त्यावर चालणारा माल देणे, हे व्यापारातील जुने शहाणपण येथे यंत्राच्या रूपाने उभे राहिले.

१९१९ मध्ये कंपनीने लाकडी टबाऐवजी ओतीव अॅल्युमिनियमचा अखंड टब आणला. १९२२ मध्ये पंखे झाकणाला न लावता टबाच्या तळाशी बसवण्याची रचना आली. झाकणाला टांगलेले जुने दांडे कपडे पाण्यातून ओढत असत, तर तळातून हेलकावणाऱ्या पंखांनी पाणीच कपड्यांतून ढकलले जाऊ लागले. ही रचना इतकी परिणामकारक ठरली की काही वर्षांतच ही कंपनी या व्यवसायात अग्रभागी गेली. गावात असे यंत्र बनवणारे आणखीही कारखाने होते, त्यामुळे न्यूटनला ‘कपडे धुण्याच्या यंत्रांची राजधानी’ असे म्हटले जाई.

१९३७ मध्ये बेंडिक्स कंपनीने घरगुती वापराचे पहिले स्वयंचलित यंत्र लोकांपुढे ठेवले. १९४९ मध्ये मेटॅगनेही स्वतःचे स्वयंचलित यंत्र आणले. पिळणीचे दिवस संपले असे तेव्हाच अनेकांना वाटले असेल. परंतु तिला मागणी राहिलीच आणि न्यूटनमध्ये पिळणीची यंत्रे १९८३ पर्यंत तयार होत राहिली. नवा माल आल्यावरही जुन्या मालाचा ग्राहक चौतीस वर्षे टिकून राहतो, ही गोष्ट मालाच्या गुणवत्तेविषयी पुष्कळ काही सांगते.

सोमवारचे धुणे

या यंत्राची किंमत समजायची असेल तर त्याच्या आधीचे धुणे समजले पाहिजे. अमेरिकेत सोमवार हा धुण्याचा वार मानला जाई. गृहव्यवस्थेच्या इतिहासकार सुझन स्ट्रॅसर यांनी दाखवून दिले आहे की, एकदा धुणे, एकदा उकळणे आणि एकदा खळबळणे एवढ्यासाठी सुमारे ५० गॅलन, म्हणजे जवळजवळ १९० लिटर पाणी लागे. नळ नसलेल्या घरात हे पाणी विहिरीतून आणायचे, चुलीवर तापवायचे आणि शेवटी उपसून फेकायचे काम बहुधा घरातील स्त्रीच्याच वाट्याला येई. त्यानंतर जाड चादरी आणि कामाचे कपडे हाताने पिळणे हे मनगटे मोडणारे काम उरे. घाटावर किंवा विहिरीच्या काठावर धुणे धोपटणाऱ्या आपल्या आजी-पणजीच्या पिढीला हे वर्णन मुळीच परके वाटले नसते.

यंत्राने आपटणे आणि पिळणे ही दोन कामे स्वतःकडे घेतली. तथापि इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ च्या आपल्या ग्रंथात एक मार्मिक मुद्दा मांडला आहे. यंत्रे आली तशी स्वच्छतेची अपेक्षा वाढली, धुणे न्यायला येणारी बाई बंद झाली आणि जे काम पूर्वी अनेकांत वाटले जाई ते एकट्या गृहिणीवर येऊन पडले. कष्ट हलके झाले, पण कामाचे तास त्या प्रमाणात कमी झाले नाहीत. घरात नवे यंत्र आणताना कोणाचे कोणते काम खरोखर कमी होणार आहे, हा प्रश्न आजही विचारण्याजोगा आहे.

पिळणीच्या यंत्रावर धुण्याची रीत ठरलेली असते. टबात गरम पाणी व साबण घालून प्रथम पांढरे कपडे घालायचे. आठ-दहा मिनिटांनी पंखे थांबवून एकेक कपडा पिळणीतून काढायचा तो थेट शेजारच्या स्वच्छ पाण्याच्या घंगाळात. मग पिळणी फिरवून तोच कपडा पहिल्या घंगाळातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून टोपलीत. दुसऱ्या घंगाळात पांढऱ्या कपड्यांसाठी नीळ घालण्याची रीत होती. पांढरे कपडे खळबळत असतानाच टबातील त्याच साबणाच्या पाण्यात रंगीत कपडे पडलेले असतात. त्यांच्यानंतर कामाचे मळके कपडे आणि सर्वांत शेवटी पुसणी-पायपुसणी. मधूनमधून थोडे गरम पाणी आणि साबण वाढवायचा. क्रम चुकला तर सारे बिघडते. क्रम सांभाळला तर एका टबात संपूर्ण आठवड्याचे धुणे निघते.

पाण्याचा जमाखर्च

ज्या घरांत पाणी तुपासारखे वापरण्याची शिकवण मिळालेली आहे तेथे हा हिशेब आवर्जून मांडावा. अशा यंत्राच्या टबात अंदाजे ६० ते ७० लिटर पाणी मावते आणि एका वेळी सुमारे चार किलो कोरडे कपडे धुता येतात. दोन घंगाळांचे पाणी प्रत्येकी ७० लिटर धरले तरी एकूण पाणी दोनशे लिटरच्या आसपास जाते आणि त्यात चार-पाच घाणे सहज निघतात. अमेरिकेतील जुन्या धर्तीचे, वरून कपडे घालायचे स्वयंचलित यंत्र एकेका घाण्याला सुमारे १५० लिटर पाणी घेई. म्हणजे पाच घाण्यांना साडेसातशे लिटर. साबणाचेही तसेच, तोच फेस पुन्हा पुन्हा उपयोगी पडतो.

हिशेब प्रामाणिक असावा, म्हणून नावेची बाजूही लिहिली पाहिजे. समोरून कपडे घालायची आजची यंत्रे पाण्याच्या बाबतीत बरीच काटकसरी झाली आहेत आणि त्यांच्याशी तुलना करता पिळणीचा फायदा फारसा उरत नाही. शेवटच्या घाण्याचे कपडे आधीच्या कपड्यांच्या पाण्यातून निघतात, हे सर्वांना रुचेल असे नाही. खळबळण्याचे पाणी मध्येच एकदा बदलावे लागले तर बचत घटते. आणि मुख्य म्हणजे माणसाला दोन-अडीच तास यंत्रापाशी उभे राहावे लागते. जो वेळ यंत्र घेत नाही तो माणूस देतो, हे विसरून चालणार नाही.

महाराष्ट्रातील असंख्य घरांत आजही वापरले जाणारे दोन टबांचे अर्धस्वयंचलित यंत्र हे एका अर्थाने याच पिळणीचे भावंड म्हणता येईल. त्यात लाटांची जागा गरगर फिरणाऱ्या टबाने घेतली आहे, पण कपडे हातानेच एका टबातून दुसऱ्यात घालावे लागतात आणि पहिल्या घाण्याचे साबणाचे पाणी दुसऱ्या घाण्यासाठी राखून ठेवता येते. नळाला एक दिवसाआड पाणी येणाऱ्या शहरांतील गृहिणी हे यंत्र का सोडत नाहीत, याचे उत्तर या राखून ठेवण्याच्या सोयीतच आहे.

धोक्याची बाजू

या यंत्राचे कौतुक करताना एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. पिळणी कपडा आणि बोट यांत फरक करत नाही. लाटांमध्ये बोटे सापडली की हात कोपरापर्यंत, कधी त्याहून वर ओढला जाई. अमेरिकेतील वैद्यकीय साहित्यात १९३८ पासून या दुखापतीला स्वतंत्र नावच मिळाले आणि तिला बळी पडणाऱ्यांत लहान मुलांची संख्या मोठी होती. आई कपडे सारते ते पाहून मूल हात पुढे करी आणि क्षणात अनर्थ होई. वरून फारशी जखम दिसत नसली तरी आतील स्नायू आणि त्वचा चिरडली गेलेली असे. पिळणीतून निघणे हा इंग्रजीत अतोनात हालअपेष्टा सोसण्याचा वाक्प्रचार झाला, तो उगाच नव्हे.

कंपन्यांनी पुढे झटका बसताच लाटा एकमेकींपासून सुटाव्यात अशी सोडखटकी बसवली. जुने यंत्र प्रत्यक्ष वापरणाऱ्याने ही खटकी चालते की नाही हे प्रत्येक वेळी पाहावे, मोकळे केस, ओढणी, पदर किंवा सैल बाही यंत्राजवळ येऊ देऊ नये आणि मुलांना त्या खोलीबाहेरच ठेवावे, असे जाणकार बजावून सांगतात. दुसरा धोका विजेचा. सत्तर वर्षांपूर्वीच्या तारेवरील रबर कडक होऊन तडकलेले असते, यंत्राला अर्थिंग नसते आणि सभोवती जमीन ओली असते. म्हणून तार बदलून अर्थिंग जोडल्याखेरीज असे यंत्र चालू करणे म्हणजे संकटाला आमंत्रण होय.

जपणारे आणि वापरणारे

या यंत्रांभोवती आज दोन प्रकारची माणसे दिसतात. पहिला वर्ग संग्राहकांचा. त्यांत सर्वाधिक प्रसिद्ध झालेले नाव म्हणजे कोलोरॅडो राज्य विद्यापीठातील विद्युत अभियांत्रिकीचे निवृत्त प्राध्यापक ली मॅक्सवेल. निवृत्तीनंतर त्यांना जुनी धुण्याची यंत्रे गोळा करण्याचा छंद लागला आणि ईटन या गावी त्यांनी हजाराहून अधिक यंत्रांचे संग्रहालय उभे केले. लाकडी, तांब्याची, हाताने, पायाने, इंजिनाने आणि विजेने चालणारी अशी सर्व प्रकारची यंत्रे त्यात होती. त्यांच्या संग्रहाची नोंद गिनीज विक्रमांतही झाली. निवृत्त माणसाने आपली विद्या एखाद्या उपेक्षित वस्तूसाठी खर्च केली तर केवढे काम उभे राहते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

दुसरा वर्ग वापरणाऱ्यांचा. पेनसिल्व्हेनिया, ओहायो आणि इतर राज्यांत राहणारे जुन्या परंपरेचे आमिश लोक सार्वजनिक वीजवाहिनीची जोडणी घरात घेत नाहीत. कोणती सोय स्वीकारायची आणि कोठे थांबायचे, हे त्यांच्या त्या त्या वस्तीचा समुदाय ठरवतो. त्यांच्या घरांत पिळणीची यंत्रे लहान इंजिनावर किंवा दाबलेल्या हवेवर चालतात. सोमवारी त्यांच्या वस्तीतून जाताना अंगणातील उंच दोऱ्यांवर काळे, निळे, जांभळे कपडे ओळीने वाळत घातलेले दिसतात. अशा ग्राहकांसाठीच ओहायोतील किड्रन या खेड्यात १९५५ मध्ये ‘लेहमन्स’ नावाचे दुकान सुरू झाले. विजेविना चालणारी घरगुती उपकरणे विकणारे हे दुकान पुढे देशभर नावारूपाला आले. मोठ्या बाजाराने सोडून दिलेला लहान ग्राहक निष्ठेने सांभाळला तर त्यावरही पिढ्यान् पिढ्या चालणारा व्यापार उभा राहतो, हे या दुकानाने दाखवून दिले.

विकत घेताना काय पाहतात

जुनी यंत्रे बहुधा शेतघरांच्या लिलावात, तळघरांत किंवा कोठारांत सापडतात. मेटॅगच्या यंत्रांत चौकोनी अॅल्युमिनियम टबाचे ‘ई’ आणि गोल, मुलामा दिलेल्या टबाचे ‘एन’ ही मॉडेल विशेष परिचित आहेत. अनुभवी ग्राहक रंग आणि चकाकी शेवटी पाहतो. तो प्रथम पंखांचा दांडा वर उचलून निघतो का, ते तपासतो. प्रत्येक धुण्यानंतर पंखे काढून न ठेवल्यास ते दांड्यावर घट्ट चिकटून बसतात आणि मग ते सोडवताना यंत्र मोडण्याची पाळी येते. त्यानंतर लाटांचे रबर नखाने दाबून पाहायचे. रबर मऊ असेल तर ठीक. काचेसारखे कडक किंवा चिकट झाले असेल तर नव्या लाटांचा खर्च धरायचा. धुणे संपल्यावर लाटांवरील दाब सैल केला नाही तर त्या एका बाजूने चपट्या होतात, म्हणून आधीच्या मालकाची शिस्त लाटांवरूनच ओळखता येते. शेवटी यंत्राखाली वाकून दंतचक्रांच्या पेटीतून तेल गळते का आणि टबातून पाणी पाझरते का, हे पाहायचे.

पोलादी दंतचक्रे तेलात बुडालेली असल्याने दीर्घकाळ टिकतात. यंत्राचा जीव असतो तो रबरात. लाटा, गाळरोधक कडी आणि नळ्या या तीन स्वस्त वस्तू मिळेनाशा झाल्या तर शंभर वर्षे टिकू शकणारे यंत्र भंगारात जाईल. म्हणून आमिश वस्त्यांतील दुरुस्तीची छोटी दुकाने आणि एका यंत्राचे भाग काढून दुसरे जगवणारे हौशी कारागीर हेच आज या यंत्रांचे खरे आधार आहेत. ही विद्या बरीचशी हातातून हाताला जाते. शिकणारा नसेल तर शिकवणाऱ्याबरोबर तीही संपते.

सुंभ आणि पीळ

२००६ मध्ये व्हर्लपूल कंपनीने मेटॅग विकत घेतली आणि २००७ मध्ये न्यूटनचा कारखाना बंद झाला. सुमारे पंधरा हजार वस्तीच्या गावाचा शंभर वर्षांचा आधार गेला. ज्या घरांतील दोन-तीन पिढ्या त्याच कारखान्यात वाढल्या त्यांच्यासाठी हा केवळ रोजगाराचा प्रश्न नव्हता. ते गाव स्वतःची ओळखच त्या यंत्राने सांगत आले होते. पुढे कारखान्याच्या जागेचा काही भाग पवनचक्क्यांचे मनोरे बनवण्यासाठी वापरात आला. जुन्या यंत्रांचा वारसा गावातील जास्पर परगण्याच्या इतिहास संग्रहालयात पाहायला मिळतो.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण आपण बहुधा हेकट माणसासाठी वापरतो. येथे ती चांगल्या अर्थाने लागू पडते. मालक बदलले, पाटी उतरली, कारखान्याचे दार बंद झाले. पण जो माल मनापासून घडवला होता तो आपले काम करीत राहिला. व्यापारात नफा वर्षाच्या ताळेबंदात दिसतो, पत मात्र माल विकल्यानंतर चाळीस-पन्नास वर्षांनी ग्राहकाच्या घरात दिसते. आपल्या दुकानातून आज जे जाते आहे त्याचा सुटा भाग आणखी वीस वर्षांनी मिळेल का, ते दुरुस्त करणारा कोणी असेल का, एवढा प्रश्न प्रत्येक व्यापाऱ्याने स्वतःला विचारावा. आणि घरातील एखादे जुने, पण धडधाकट यंत्र भंगारवाल्याच्या काट्यावर चढवण्यापूर्वी ते दुरुस्त करू शकणाऱ्या जुन्या कारागिराला एकदा बोलावून पाहावे.